ओफेल्मिनाबाईंनी कापलेली सीट

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या ‘मुंग्या’ मंडळाच्या पहिल्या सभासद, आदरणीय मार्लेनी आर्बेलाएसबाई. बंबाच्या गाड्या उन्हात काढून हे सभागृह आपल्याला मोकळं करून देणारे अग्निशमन दलाचे कॅप्टन आर्सेसिओ. जिच्यासाठी आपण जमलो आहोत ती आपली सत्कारमूर्ती, ओफेल्मिना किसेनोबाई. बाहेर एकोणीस लहान गाड्या ओळीत लावून आत येऊन बसलेल्या माझ्या मैत्रिणी. त्यांचे इथवर पायी आलेले नवरे. आणि आल्तामोरा गावच्या बंधूंनो, भगिनींनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

नवऱ्यांचं ऐकून तुम्ही हसलात. हसा, नवरेसुद्धा हसताहेत. डिसेंबर लागला की नगरपालिकेचा फतवा येतोच: मोटरसायकलवर मागे पुरुष बसवायचा नाही. मागच्या पुरुषाच्या हातात पिस्तूल असतं, असं फतवा काढणाऱ्यांना वाटतं. आपल्या मागच्या पुरुषाच्या हातात केळीचा घड असतो. पण नियम तो नियम. बायको मागे बसलेली चालते, नवरा मागे बसलेला चालत नाही. म्हणून गाडी बायकोची असली तरी डिसेंबरात नवरा पुढे बसतो, नाहीतर चालतो. आजच्या नवऱ्यांनी चालणं पसंत केलं, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. असं का म्हणते ते पुढे कळेल.

मला दहा मिनिटं दिली आहेत. मी कागदावर लिहून आणलंय, कारण मला बोलायची सवय नाही. अंडी विकणारीला दोनच वाक्यं लागतात: ‘ताजी आहेत’ आणि ‘फुटलेलं बदलून देते’.

ओफेल्मिनाबाई उद्या सकाळी सातच्या बसने कार्तागोला, बहिणीकडे, कायमच्या जाताहेत. आमंत्रणावर छापलंय, ‘विश्रांतीसाठी’. ज्यांनी छापलं त्यांनी चांगल्या मनानेच छापलं. पण या सभागृहात एक तरी माणूस आहे का, ज्याला खरं कारण माहीत नाही? गाव म्हणतं, या बाईने कापलेल्या सीटमुळे गिल्दार्दो ओसा गेला. गिल्दार्दो माझे पती. तीन वर्षं गाव हे म्हणतंय आणि तीन वर्षं मी ऐकून घेतेय. ती सीट निर्दोष होती. हे मला आज कळलेलं नाही, त्याच दिवशी माहीत होतं. ते सांगायला मी इथे उभी आहे.

नाही, मार्लेनीबाई, मला बसायचं नाही. पाणीही नको. सत्काराच्या कार्यक्रमात आधी सत्काराचं बोलावं एवढं मला समजतं, ते मी नीट बोलणार आहे.

तर काम. आपल्या गावात बायका मोटरसायकल चालवायला लागल्या तेव्हा गाड्या होत्या, पण त्या आपल्या मापाच्या नव्हत्या. शंभर सीसीची गाडी म्हणजे लहान, असं पुरुष म्हणतात. चढावर थांबलेली, मागे दोनशे चाळीस अंडी लादलेली शंभराची गाडी एका पायाच्या अंगठ्यावर पेलून बघा, मग लहान-मोठं बोला. आपल्यातल्या निम्म्या जणी दीड मीटरच्या आसपास. पाय पोचायचे नाहीत. मोठ्या वर्कशॉपात गेलो तर तिथला माणूस म्हणायचा, “सीनिओरा, उंच टाचा घाला.” यामिलेने खरंच घातल्या होत्या! टाच गिअरच्या दांड्याखाली अडकली आणि ती कसायाच्या दुकानात शिरली. यामिले, मान खाली घालू नकोस, सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशीचं मटण अख्ख्या गल्लीने खाल्लं.

ओफेल्मिनाबाई तेव्हा खुर्च्या आणि जीपच्या गाद्या शिवायच्या. यामिले त्यांच्याकडे लंगडत गेली. बाईंनी तिला गाडीवर बसवलं, गाडी खांबाला टेकवली, चपला काढायला लावल्या आणि टाच व जमीन यांच्यामध्ये आपले हात घातले. पट्टीने मोजलं नाही. बोटांनी मोजलं. “चार बोटं,” म्हणाल्या. मग पाव कापायची सुरी ओली करून फोम कापला. पुढून जास्त, मागून कमी, मांड्यांकडे उतरता. वर जाड रेक्झिन. यामिलेचे दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले. ती त्या खांबाशी उभ्या गाडीवर बसूनच रडली. बाई म्हणाल्या, “रेक्झिनवर पाणी पडू देऊ नकोस, गोंद ओला आहे.”

त्यानंतर एकेक करत आपण सगळ्या गेलो. बाईंचे तीन प्रश्न ठरलेले. पायात काय घालतेस? काय वाहतेस? मागे कोण बसतं? उत्तर आल्याशिवाय सुरीला हात लावायच्या नाहीत. कोणी मागे बसणारं नसेल तर मागची अर्धी सीट काढून तिथे खोका बसवायच्या. लेकरू असेल तर बाजूला धरायला दोन कड्या. माझ्यासाठी त्यांनी ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या विणून कॅरियरवर पाळणा केला, त्यात अंड्यांचे आठ ट्रे राहायचे. पहिल्या दिवशी ला पाल्मेराचा पूर्ण घाट उतरून आले, तीन अंडी फुटली. बाईंना मी आनंदाने सांगायला गेले. त्या म्हणाल्या, “तीन का?” आणि पट्ट्या सोडून परत विणल्या.

मी त्यांना सांगितलं होतं, आठवडाभर अंडी, रविवारी नवरा. त्या म्हणाल्या, “अंड्यांचं वजन सांग.” मी सांगितलं. “आता नवऱ्याचं.” मी म्हटलं, “ते अंड्यांपेक्षा जास्त तक्रार करतात.” बाई हसल्या. त्या तेव्हा हसायच्या.

आणि रविवार! ज्यांनी आपल्याला रविवारी धरणाकडे जाताना पाहिलंय त्यांना काय सांगू. एकोणीस गाड्या एकीमागे एक, चढावर बैलगाडीपेक्षा थोड्या जोरात. म्हणून तर गावाने नाव पाडलं मुंग्या, आणि मार्लेनीबाईंनी तेच नाव उचलून जाकिटांवर शिवून घेतलं. कोणी आरशांना क्रोशाची टोपडी घातली, कोणी पुढे दोन जादा दिवे लावले, कोणी टाकीवर मुलांची नावं रंगवली. मी माझ्या टाकीवर काहीच रंगवलं नाही. गिल्दार्दो म्हणायचे, “म्हातारे, निदान एक कोंबडी तरी काढ.” तिशीपासून ते मला म्हातारे म्हणत आले. मला वाटायचं, खरी म्हातारी होईन तेव्हा हे काय म्हणतील?

त्यांना पुढे बसायचा कंटाळा होता. ते सुतार, दिवसभर वाकून काम. गाडीवर मागे बसून डोंगर बघायला त्यांना आवडायचं. पण डिसेंबरात पुढे बसावं लागायचं, माझ्या मापाच्या सीटवर. “गुडघे कानाला लागतात,” म्हणायचे. लागत नव्हते. तीन वर्षं दर डिसेंबरात त्यांनी त्या सीटवरून गाडी चालवली, भर बाजारातून, पावसातून, एकदाही पाय चुकला नाही. हे लक्षात ठेवा. एका वर्षी तर त्यांनी माझा झगा घातला, वर शाल, डोक्याला माझं गुलाबी हेल्मेट, आणि मागे बसले. पुलावरचा पोलीस मला म्हणाला, “जा बाई, आणि आईंना सांभाळून ने.” घरी येईपर्यंत त्यांनी माझ्या पाठीवर डोकं टेकवून हसू दाबलं. एवढा जड माणूस, पण हसताना हलका व्हायचा.

आता त्या दिवसाचं.

सोळा डिसेंबर. सकाळचे अकरा. आदल्या दिवशी शेजाऱ्यांकडे बुन्युएलो, नाताळचे चीजचे वडे, तळले होते, ह्यांनी सात खाल्ले होते. सकाळी उठले ते छाती चोळत. मी म्हटलं, सात खाल्लेत, दुसरं काय होणार. गुळाचं पाणी दिलं. ते प्यायले नाहीत. दहाच्या सुमाराला चेहरा राखेसारखा झाला आणि शर्ट पाठीला चिकटला. म्हणाले, “अरासेली, मला दवाखान्यात ने.” अरासेली म्हणाले. म्हातारे म्हणाले नाहीत. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं.

मी धावत जीपच्या अड्ड्यावर गेले. जीपमध्ये चार माणसं होती. ड्रायव्हर म्हणाला, अजून चार येऊ देत. मी त्याला म्हटलं नाही की घरी माणूस आजारी आहे. का म्हटलं नाही? अजून मला कळत नाही. चारचौघांत गडबड करायची लाज वाटली असेल. मी परत आले आणि गाडी काढली.

ते म्हणाले, “तू चालव. मला जमेल असं वाटत नाही.”

आणि मी म्हटलं, “अहो, पुलावर पोलीस आहेत. गाडी धरली तर जानेवारीपर्यंत कोंडवाड्यात जाईल. नाताळची सगळी अंडी पोचवायची राहिलीत. पुलापर्यंत तुम्ही न्या, पूल ओलांडला की बदलू.”

ही माझी वाक्यं आहेत. तीन वर्षांत कोणाला सांगितली नव्हती. एकटी असताना मात्र रोज म्हणून पाहिली, एखाद्या दिवशी वेगळी ऐकू येतील म्हणून.

ते पुढे बसले. माझं जाकीट घातलं, कारण गाडीचा नंबर त्याच्यावर होता आणि नंबर नसला तर तोही गुन्हा. मी मागे बसले, दोन्ही हात त्यांच्या पोटाभोवती. गाडी सरळ चालली होती. मुंगीच्या वेगाने, पण सरळ. पुलावर पोलिसाने हात वर करून नमस्कार केला. ह्यांनी मान हलवली. पूल ओलांडला. मी म्हटलं, “आता थांबा, बदलू.” त्यांनी इंडिकेटर दिला. खरंच दिला. गाडी कडेला घेतली, ब्रेक लावला, डावा पाय खाली टेकवला, पूर्ण टेकवला, टाचेसकट. मी माझ्या डोळ्यांनी तो बूट पाहिला. गाडी थांबली होती. मग माझ्या हाताखालून त्यांचा श्वास गेला. आधी श्वास गेला. मग ते हँडलवर वाकले. मग गाडी कलली आणि आम्ही पडलो.

लोकांनी पाहिलं ते शेवटचं: गाडी कलली, माणूस पडला, डोकं कठड्याला लागलं.

दवाखान्यात वाहतूक खात्याचा माणूस आला. माझं मनगट मोडलं होतं, ते बांधत होते. त्याने विचारलं, “निघताना त्यांना काही त्रास होत होता का?” माझ्या शेजारी माझ्या सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “नाही. ठणठणीत होते.”

एवढंच बोलले. पुढे सगळं त्या कागदाने केलं. डॉक्टरांनी लिहिलं, हृदय बंद पडलं आणि डोक्यालाही मार, आधी काय ते सांगता येत नाही. खात्याच्या माणसाने गाडी पाहिली, सीट पाहिली, आणि लिहिलं: सीटमध्ये फेरफार केलेला, पाय नीट न टेकल्याने तोल गेल्याची शक्यता. ठणठणीत माणूस उभ्या गाडीवरून पडतो तर त्याला कारण हवं ना? मी त्याला कारण दिलं नाही, म्हणून त्याने जवळ होतं ते उचललं.

गावालाही ते पटलं. मोठ्या वर्कशॉपातला माणूस म्हणाला, “बायकांनी सोफे शिवावेत.” मी बाजारात उभी होते. ऐकलं. अंडी मोजत राहिले.

पण ओफेल्मिनाबाई, मला तुमच्यासमोर सांगायचंय ते गावाचं नाही.

महिन्याने मी गाडी घेऊन तुमच्याकडे आले. गाडी विकायची होती, म्हणून सीट पूर्वीसारखी करून हवी होती. तुम्ही सीट काढून टेबलावर ठेवली. टाके उसवले नव्हते. फोम बसला नव्हता. तुम्ही तळहात फिरवत राहिलात, पुढून मागे, मागून पुढे, किती तरी वेळ. मग मला विचारलंत, “अरासेली, तू मागे होतीस. तुला सगळं माहीत. माझा हात कुठे चुकला ते सांग. सांगितलंस तर पुन्हा चुकणार नाही.”

आणि मी म्हटलं, “माहीत नाही.”

खात्याच्या माणसाला खोटं सांगितलं ते घाबरून. सासूबाईंकडे बघून. हे दुसरं मी घाबरून सांगितलं नाही. तिथे तुमच्या-माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मला वाटलं, दोष कुठे तरी राहायला हवा. तो तुमच्याकडे राहिला तर मला रात्री झोप लागेल. झोप लागली नाही, पण ते सांगायची ही जागा नाही.

त्यानंतर तुम्ही एकही सीट कापली नाही. लोक येईनात म्हणून, असं गाव समजतं. खोटं आहे. रोसिओ आली होती. नवी गाडी, पाय पोचत नव्हते, तिने पाया पडून विनवलं. तुम्ही तिला म्हणालात, “माझ्या हातावर माझा भरवसा नाही.” रोसिओने हे मला सांगितलं तेव्हा मी तिच्यासाठी अंडी बांधत होते. तिने तशीच उंच गाडी चालवली आणि मार्चमध्ये चढावर पडली. तिचा पाय अजून सरळ होत नाही. रोसिओ, तू तिथे भिंतीशी काठी घेऊन बसलीस, मी तुला पाहिलंय. तेही माझ्याकडेच येतं.

मागच्या सोमवारी मी वाहतूक खात्यात गेले. सगळं लिहून नेलं होतं, सही करून. खिडकीतल्या मुलीने वाचलं, दोनदा वाचलं. मग म्हणाली, “सीनिओरा, ही फाइल बंद झाली. आता यात कागद लावता येत नाही.” मी म्हटलं, लावू नकोस, नुसता आत ठेव. ती म्हणाली, आत ठेवायलाही जागा नाही. चांगली मुलगी होती. तिने कागद घडी घालून मला परत दिला. तो हा कागद. त्या दिवसाचं सगळं मी त्याच्यावरूनच वाचलं, मागचं-पुढचं तेवढं आज जोडलं.

आज सकाळी सासूबाईंना सांगितलं. आम्ही दोघी एकाच घरात राहतो, तुम्हाला माहीत आहे. त्या केळी सोलत होत्या. मी सगळं सांगितलं, कोंडवाड्याचं आणि अंड्यांचंही. त्यांनी उरलेली केळी सोलली. सुरी धुतली. मग म्हणाल्या, “तिथे जाऊन सांग. मी येणार नाही.” संध्याकाळी मी परत जाईन तेव्हा दाराला आतून कडी असेल की नसेल, मला ठाऊक नाही.

थांबा, कॅप्टन. टाळ्या नकोत. कृपा करून कोणी उभंही राहू नका.

बाई, तुम्ही विचारलं होतंत त्याचं उत्तर मी तीन वर्षं उशिरा देते आहे. तुमचा हात कुठेही चुकला नाही. पाय पूर्ण टेकला होता. ज्या माणसासाठी ती सीट कापलीही नव्हती, त्याला तिने शेवटपर्यंत नीट पेललं, आणि गाडी थांबवून पाय टेकायला जेवढं लागतं तेवढं सगळं दिलं. चुकले ते मी, पुलाच्या अलीकडे, माझ्याच दारात.

मला माहीत आहे, याने तुमचं बांधलेलं सामान सुटणार नाही. दुकान दुसऱ्याला दिलंत, शिवणयंत्र कालच ट्रकने पुढे गेलं. कार्तागोत तुम्ही सोफे शिवाल. अठ्ठावन्नाव्या वर्षी हाताला पुन्हा भरवसा शिकवता येतो की नाही, मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नाही, आणि मी मिळेल ते वाचते. तुम्ही आत्ता मला काही बोलू नका. सभागृहात माणूस उदार होतो, मग घरी जाऊन पस्तावतो. उद्या बसपाशीही बोलला नाहीत तरी मी ते बरोबर समजेन.

आता आभार मानायचे. कॅप्टन आर्सेसिओंनी जागा दिली, मार्लेनीबाईंनी वेळ दिला आणि मी वेळ ओलांडला तरी घंटी वाजवली नाही, माझ्या मैत्रिणींनी मला मधेच थांबवलं नाही. नवऱ्यांनो, तुम्ही चालत आलात. आजारी असाल त्या दिवशी मात्र मागे बसा. गाडी धरली तर धरू देत.

मी शिकलेली नाही. कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाचं नाव मागेपुढे झालं असेल, सत्काराच्या दिवशी बोलू नये ते बोलले असेन, तर तेवढं पोटात घाला. बाकीचं घालू नका. बाकीचं गावभर सांगा, जसं ते सीटचं सांगितलंत तसंच, आणि बस सुटायच्या आत सांगा.